छत्तीसचा आकडा

'अभिव्यक्ती' हा शब्द आम्ही दोघे गेली वीस वर्षे वर्गात वापरत आलो आहोत. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात, शेजारशेजारच्या टेबलांवर बसून आम्ही मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाकडे साहित्यशास्त्राचा पेपर असतो, दुसरीकडे मध्ययुगीन वाङ्मयाचा. अनुभूती आणि अभिव्यक्ती यांचे नाते काय, मनात होते ते शब्दांत उतरले म्हणजे नेमके काय घडले, हे आम्ही इतक्यांदा सांगितले आहे की तो शब्द उच्चारताना आता मन जागचे हलत नाही. अशा झिजलेल्या शब्दाशी आमची नव्याने गाठ पडली ती एका वैद्यकीय अहवालामुळे. त्या अहवालाचा अर्थ लागेना म्हणून आम्ही जीवशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्याकडे गेलो. त्यांनी कागदावर चार ओळींचे टिपण लिहून दिले. त्यातली पहिली ओळ अशी होती : या जनुकाची अभिव्यक्ती अंतर्कर्णात होते.

अहवाल आमच्या मुलीचा होता. ती चौदा महिन्यांची असताना 'बेरा' चाचणीतून तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही हे कळले. अडीच वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली. नंतरची दोन वर्षे स्पीच थेरपीच्या वर्गाच्या बाकावर आळीपाळीने बसण्यात गेली. जनुकीय चाचणी मात्र आम्ही आपणहून केली नव्हती. शाळाप्रवेशाच्या वेळी एका शाळेने आमच्याकडे लेखी मागितले की मुलीचा दोष फक्त कानाचा आहे, मेंदूवर परिणाम नाही. प्रश्न मृदू आवाजात विचारला गेला होता. पण तो ऐकून घरी आलो त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही, कारण त्याचे उत्तर आम्हांलाही ठाऊक नव्हते.

घरात दुसराच प्रश्न होता. 'आमच्याकडे असे कधी कुणी नव्हते' हे वाक्य आम्ही दोन्ही घरांतून, जवळजवळ त्याच शब्दांत ऐकले. आमचे लग्न रीतसर पत्रिका पाहून झालेले. छत्तीसपैकी तीस गुण जुळले होते, याची आठवण दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना अजून होती. मग चूक कोणाची?

अहवालात जीजेबी२ या जनुकाचे नाव होते. या जनुकाच्या आधारे पेशी कनेक्सिन २६ नावाचे प्रथिन तयार करते. २२६ अमिनो आम्लांची ती साखळी असते. आमच्या मुलीच्या दोन्ही प्रतींत मजकुरातले ७१वे अक्षर बदललेले आहे. 'टीजीजी' हवे तिथे 'टीएजी' आहे. त्यामुळे साखळीतल्या २४व्या जागी जे अमिनो आम्ल यायचे, त्याच्याऐवजी पूर्णविराम येतो. २२६ शब्दांचे वाक्य तेविसाव्या शब्दाशी संपते. जन्मभर मुद्रिते तपासणाऱ्या माणसांना याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नव्हती. हा बदल भारतीय उपखंडात विशेष आढळतो. युरोपात आणि पूर्व आशियात याच जनुकातल्या दुसऱ्या चुका अधिक आढळतात. दोष अप्रभावी आहे, म्हणजे एक प्रत शुद्ध असली तर ऐकू येते. आम्हां दोघांकडेही एकेक शुद्ध आणि एकेक सदोष प्रत आहे. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. गणित एवढेच होते. पण 'दोघांकडून आले' हे उत्तर कोणालाच नको होते. ज्यांना दोष द्यायचा असतो त्यांना तो एका पत्त्यावर पोहोचवायचा असतो.

तेव्हापासून आम्ही कनेक्सिनांविषयी वाचू लागलो. वाचन आमच्या वकुबाबाहेरचे होते. सहकाऱ्याने अनेक संध्याकाळी खर्च करून ते आमच्या आवाक्यात आणले. प्रश्न एकच होता : मेंदूत या जनुकांचे काय चालते?

उत्तराआधी एक जुना वाद समजून घ्यावा लागला. इटलीतल्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३मध्ये चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवण्याची पद्धत शोधली. तिच्यात असंख्य पेशींपैकी मोजक्याच काळ्या रंगतात आणि म्हणून त्या संपूर्ण दिसतात. गोल्जींना वाटले की मेंदू हे एकसलग जाळे आहे. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत सुधारून वापरली आणि उलट निष्कर्ष काढला : प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, ती दुसरीला जवळ येते, पण तिच्यात मिसळत नाही. १९०६चे नोबेल या दोघांना मिळून देण्यात आले, आणि गोल्जींनी त्याच प्रसंगी केलेल्या भाषणात सहमानकऱ्याच्या सिद्धान्तावर टीका केली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काहाल यांच्या बाजूने कौल दिला. दोन चेतापेशींमध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट स्पष्ट दिसली. त्या फटीतून रासायनिक द्रव्याचा निरोप पाठवला जातो.

पण कौल संपूर्ण नव्हता. फर्शपन आणि पॉटर यांनी १९५९मध्ये झिंग्याच्या जातीतल्या क्रेफिशमध्ये दाखवून दिले की काही चेतापेशी विद्युत्प्रवाह थेट एकमेकींकडे जाऊ देतात. मध्ये रासायनिक निरोप्या नसतो. १९६७मध्ये रेव्हेल आणि कार्नोव्हस्की यांनी उंदराच्या हृदयाच्या आणि यकृताच्या पेशींचे सांधे जवळून पाहिले, तेव्हा दोन भित्तींमध्ये अवघी दोन-तीन नॅनोमीटरची फट उरलेली दिसली. त्यावरून या सांध्याला 'गॅप जंक्शन' हे नाव रूढ झाले. नावात फट असली तरी तिथे घडते ते फट ओलांडणे. सहा कनेक्सिने वर्तुळात उभी राहून पेशीच्या भित्तीत एक नळी करतात. शेजारच्या पेशीतही तशीच अर्धी नळी असते. दोन अर्ध्या नळ्या तोंडाला तोंड लावून जुळल्या की आयन आणि लहान रेणू इकडून तिकडे जाऊ शकतात. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडांच्या सामाईक भिंतीत लहानशी खिडकी असे, तिच्यातून विरजण आणि आमटीची वाटी जात असे. माणूस जाऊ शकत नसे. तसाच हा प्रकार. प्रथिने मोठी, ती जात नाहीत.

माणसात कनेक्सिनांची सुमारे २१ जनुके आहेत. प्रथिनांची नावे त्यांच्या रेणुभारावरून पडली आहेत : २६ म्हणजे सुमारे २६ किलोडाल्टन. एकवीसच्या एकवीस जनुके आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. मात्र कोणती पेशी त्यांतले कोणते वाचायला घेते, हे ठिकाणागणिक बदलते. ग्रंथालयाच्या सर्व शाखांत तीच पुस्तके आहेत. उघडे पुस्तक प्रत्येक टेबलावर वेगळे आहे. कोणत्या भागात कोणते पुस्तक उघडले आहे याचा शोध घेणे म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती पाहणे. त्यासाठी मेंदूचे पातळ काप घेतात आणि जनुकाच्या नकलेला, म्हणजे निरोप्या आरएनएला, जाऊन चिकटेल असा खूण लावलेला पूरक तुकडा त्यांवर सोडतात. ज्या पेशींत नक्कल चालू आहे त्या उमटून दिसतात. सिएटलच्या अ‍ॅलन संस्थेने २००६मध्ये उंदराच्या मेंदूचा असा नकाशा पूर्ण केला. त्यात सुमारे २०,००० जनुकांची चित्रे आहेत आणि तो जगात कोणालाही पाहता येतो. आम्हीही पाहिला.

सस्तन प्राण्यांच्या चेतापेशींतले मुख्य कनेक्सिन आहे ३६. ते १९९८मध्ये इटलीतल्या आणि जर्मनीतल्या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधले. हे वाचून आम्ही दोघे एकदमच हसलो. मराठीत छत्तीसचा आकडा म्हणजे वैर. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे. पत्रिकेत मात्र छत्तीस म्हणजे पूर्ण मेळ. मेंदूतले छत्तीस पत्रिकेच्या बाजूचे निघाले. अहवाल आल्यानंतरच्या काही महिन्यांत आमच्या घरात पहिल्या अर्थाचा आकडा होता, हेही इथे सांगून टाकले पाहिजे. त्या दिवशी बऱ्याच काळाने आम्ही एकाच गोष्टीला हसलो होतो.

कनेक्सिन ३६ मेंदूत सरसकट सापडत नाही. मेंदूच्या देठात इन्फिरिअर ऑलिव्ह नावाचा, ऑलिव्हच्या फळासारखा फुगवटा आहे. तिथे त्याची अभिव्यक्ती अतिशय दाट असते. इथल्या पेशी एका लयीत स्पंदतात आणि हालचालींचा काळवेळ साधण्यासाठी छोट्या मेंदूला संकेत पाठवतात. दृष्टिपटलात ते आहे. अंधुक प्रकाशातले दृश्य पुढे पोहोचवण्याच्या वाटेवर त्याचे सांधे लागतात. थॅलॅमसच्या भोवतालच्या जाळीदार केंद्रकात ते आहे. मेंदूच्या बाह्यकात आणि हिप्पोकॅम्पसमध्ये ते प्रौढपणी मुख्यतः आवर घालणाऱ्या लहान चेतापेशींमध्ये आढळते. १९९९मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी बाह्यकातल्या अशा शेजारी पेशींत सूक्ष्म विद्युदग्रे घालून त्या एकमेकींशी थेट जोडलेल्या असल्याचे दाखवले. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत उंदराच्या मेंदूत हे जनुक पुष्कळ ठिकाणी जोरात असते, आणि रासायनिक सांधे पक्के होत जातात तसे अनेक भागांत मंदावते. बाळपणीचा शेजार मोठेपणी मोजक्या घरांपुरता उरावा, तसे.

हे जनुक काढून टाकलेले उंदीर २००१पासून अभ्यासात आहेत. ते जगतात, चालतात, वरवर पाहता धडधाकट दिसतात. पण अंधुक उजेडातली त्यांची दृष्टी अधू होते. हिप्पोकॅम्पसमधला गॅमा ताल क्षीण होतो. ऑलिव्हमधल्या पेशी एकेकट्या स्पंदत राहतात, फक्त एकमेकींशी त्यांचा मेळ राहत नाही. हे शेवटचे वाक्य आम्ही त्या काळात फार वेळ वाचत बसलो होतो.

मेंदूतल्या इतर पेशींची कनेक्सिने निराळी. ताऱ्यासारख्या फांद्या असलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींमध्ये ४३ आणि ३० ही दोन असतात. ४३ जन्माआधीपासून असते, तर उंदरांत ३० जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी आणि मुख्यतः करड्या भागात दिसू लागते. त्यांच्यायोगे या पेशींचे एक विस्तीर्ण जाळे तयार होते. चेतापेशींच्या आसपास साठलेले पोटॅशियम त्यातून पांगवले जाते आणि ग्लुकोजसारखे इंधन गरजेच्या ठिकाणी पोहोचते. म्हणजे गोल्जींचे एकसलग जाळे मेंदूत आहे. फक्त ते बहुतांशी चेतापेशींचे नाही, त्यांना सांभाळणाऱ्यांचे आहे. तंतूंभोवती मायलिनचे वेष्टन गुंडाळणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींमध्ये ३२ आणि ४७ असतात. शिवाय कोणाशी कोणी जुळावे याचेही नियम आहेत : अ‍ॅस्ट्रोसाइटचे ४३ हे ४७शी जुळते, ३० हे ३२शी. छत्तीसला बहुधा छत्तीसच लागते.

आणि २६? आमचा सगळा शोध या एका आकड्यासाठी होता. प्रौढ मेंदूत ते मुख्यत्वे मेंदूवरच्या पातळ आवरणांत आढळते. चेतापेशींच्या सांध्यांचा भार त्याच्यावर नाही. इथवर वाचून आम्ही सुस्कारा टाकला असतानाच २००७चा एक शोधनिबंध समोर आला. त्यात असे होते की गर्भावस्थेत बाह्यक घडत असताना नव्या चेतापेशी आधारतंतूंवरून वर सरकत आपापल्या थरात जातात, आणि या प्रवासात कनेक्सिन २६ व ४३ यांची गरज लागते. उंदीरवर्गीय गर्भांत ती कमी केली, तर पेशींचे स्थलांतर अडखळते. शाळेने विचारलेला प्रश्न आता आमच्यासमोर छापील स्वरूपात होता.

तो निबंध घेऊन आम्ही एका जनुकतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे चाळला. त्या म्हणाल्या, "हे खरे आहे. पण प्रयोगात वाढत्या गर्भातल्या मोजक्या पेशींतून ते अचानक कमी केलेले आहे. तुमच्या मुलीसारखी मुले जगभर हजारो आहेत आणि त्यांच्यात बहिरेपणाखेरीज दुसरे लक्षण दिसत नाही. तुम्ही पेशी पाहता आहात, मुलगी पाहा." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कनेक्सिन २६ पूर्णपणे काढून टाकलेले उंदराचे गर्भ अकराव्या दिवसाच्या सुमारास मरतात. हे १९९८मध्ये कळले. कारण उंदराच्या वारेत आईकडून गर्भाकडे ग्लुकोज जाण्याच्या वाटेवर नेमके हेच कनेक्सिन असते. माणसाच्या वारेची घडण निराळी आहे, तिथे त्याच्यावाचून अडत नाही. तोच अभाव उंदरात मृत्यू होतो आणि माणसात बहिरेपण.

कनेक्सिन ३२ची गोष्टही अशीच. ते यकृतात भरपूर असते. त्याचा शोधही यकृताच्या निमित्ताने लागला. पण १९९३मध्ये त्याच्या जनुकातला बिघड माणसात सापडला तो शार्को-मारी-टूथ नावाच्या विकाराच्या एका प्रकारात, ज्यात हातापायांच्या चेतांचे काम मंदावते आणि पावले दुबळी होतात. अशा माणसांचे यकृत बहुधा तक्रार करत नाही. जनुक जिथे सर्वाधिक बोलते तिथेच त्याच्या मौनाची किंमत मोजावी लागते असे नाही. ती मोजावी लागते जिथे त्याच्या जागी बोलणारे दुसरे कोणी नसते तिथे.

आमच्या मुलीच्या बाबतीत ती जागा शंखाकृती कॉक्लिया आहे. तिथल्या आधारपेशींचे जाळे २६ आणि ३० यांनी विणलेले असते. ते विसकटल्यामुळे पोटॅशियमची ने-आण बिघडते, असे बराच काळ मानले गेले. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत कॉक्लियाच्या घडणीतच अडथळा दिसला. श्रवणचेता मात्र शाबूत असते, आणि तिच्या पलीकडचा मेंदूही. म्हणूनच इम्प्लांट चालतो. तो बिघडलेला टप्पा ओलांडून थेट चेतेला विद्युत्संकेत देतो, आणि या जनुकाच्या दोषामुळे बहिरी असलेली मुले इम्प्लांटनंतर सहसा चांगली प्रगती करतात. ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्हांला माहीत असती तर, असे पुष्कळदा वाटते.

साहित्यशास्त्र शिकवणाऱ्याला इथे अभिनवगुप्त आठवणे अपरिहार्य होते. त्याच्या मताला परंपरेने अभिव्यक्तिवाद म्हटले. रस बाहेरून आणून घातला जात नाही. सहृदयाच्या ठायी वासनारूपाने आधीच असलेला स्थायी भाव अनुकूल सामग्री मिळताच प्रकट होतो. असणे आणि प्रकटणे या दोन गोष्टी आहेत आणि दुसरीला स्थळ लागते, निमित्त लागते. आम्ही हे मत वर्षानुवर्षे चार गुणांच्या टिपेसारखे सांगत आलो. जनुकांच्या बाबतीत तर या प्रकटण्यालाही पायऱ्या आहेत. निरोप्या आरएनए उमटला म्हणजे प्रथिन झालेच असे नाही. प्रथिन झाले म्हणजे ते सांध्यापर्यंत पोहोचलेच असे नाही. पोहोचले तरी समोरच्या पेशीने आपली अर्धी नळी पुढे केली नसेल, तर सांधा होत नाही. आणि झालेला सांधाही कायमचा नसतो. कनेक्सिनांचे आयुष्य काही तासांचे असते, दिवसभरात जुनी मोडून नवी बसवावी लागतात. ही तुलना फार ताणू नये हे आम्हांला समजते. काश्मिरातल्या आचार्याला मेंदूतल्या प्रथिनांविषयी काही सांगायचे नव्हते. पण सहृदयावाचून अभिव्यक्ती पुरी होत नाही हे आम्ही एवढे शिकवले, आणि घरात एकमेकांसमोर आपापली अर्धी नळी मिटून बसलो, ही विसंगती आमची आम्हांला उमगली ती या वाचनाच्या निमित्ताने. वडीलधाऱ्यांना आम्ही एकत्र बसून सांगितले की हे दोघांकडून आले आहे आणि यात कोणाचीच चूक नाही. त्यांना ते पटले की नाही कळले नाही. आमच्यापुरते ते पुन्हा विचारले गेले नाही.

त्या शाळेला आम्ही डॉक्टरांचे पत्र दिले. प्रवेश मिळाला नाही. कारण सांगितले गेले ते जागा भरल्याचे. दुसऱ्या एका साध्या शाळेने पत्र मागितले नाही. मुलगी आता अकरावीत आहे. वर्गात पहिल्या बाकावर बसते, गोंगाटात तिला नीट समजत नाही, फोनपेक्षा समोरासमोर बोलणे ती पसंत करते, आणि वाद घालताना ती कोणाला हार जात नाही.

दहावीत आनुवंशिकतेचा धडा आला, तेव्हा तिने कपाटातली ती जुनी फाइल स्वतःच काढून वाचली. अहवाल, सहकाऱ्याचे टिपण, आमच्या दोन हस्ताक्षरांतल्या समासातल्या खुणा, सगळे. आम्ही काय विचारील या धास्तीत होतो. तिने एवढेच विचारले : "म्हणजे हे तुमच्या दोघांतही पहिल्यापासून होते, आणि तुम्हांला माहीतच नव्हते?"

"होते," आम्ही म्हणालो. "पण व्यक्त झाले नव्हते."

जीवशास्त्राच्या काटेकोर अर्थाने हा शब्द इथे चुकीचा आहे, हे आमच्या सहकाऱ्याने नंतर लक्षात आणून दिले. वाहकाच्या बाबतीत गोष्ट निराळी असते; शुद्ध प्रत काम निभावून नेते, एवढाच तिचा अर्थ. दुरुस्ती आम्ही मान्य केली आणि मुलीलाही सांगितली. ती म्हणाली, ते तिला धड्यावरून आधीच कळले होते.